बुरुजाची सावली

ताईची दृष्टी गेल्यापासून धाकटा भाऊ रोज सकाळी तिला दरीतल्या जुन्या वाटेने पळायला न्यायचा. बुटाच्या नाडीचं एक टोक त्याच्या मनगटाला, दुसरं तिच्या. पळता पळता तिचे डोळे व्हायचं, म्हणजे सारखं बोलत राहायचं. "उतार आला. डावीकडे दगड. आता कमानीचा पूल." पुढच्या वळणावर ताई न चुकता विचारायची, "बुरूज दिसला का रे?"

"दिसला की! तीनशे वर्षं हलला नाही, आता कुठे जातोय? माथ्यावर घार बसलीय बघ."

आज मात्र ताई वळणावरच थांबली. नाडी ताणली गेली.

"इथे आलं की त्याची सावली अंगावर यायची, गार वाटायचं. महिना झाला, ऊन थेट तोंडावर येतंय."

भाऊ मागे वळला. "खाणवाल्यांनी पाडला, ताई. मला सांगवेना."

"खाणवाल्यांनी? महिन्यापूर्वी एका संध्याकाळी तुझ्या केसांना बुरुजाच्या जुन्या चुन्याचा वास येत होता. खाणीच्या यंत्रावर तूच होतास ना?"

"सगळं कळत होतं, तर रोज विचारायचीस कशाला?"

"पाडलास तू. मग रोज बोलून उभाही तूच करायचास."

खाली खाणीचा भोंगा वाजला. त्याने मान खाली घातली. "आज पुलाची पाळी आहे, ताई."

ताईने नाडीचा आणखी एक वेढा मनगटाला दिला.

"मग उद्यापासून तोही बांधायला घे."