सहाव्या मजल्यापर्यंत

पहिल्या मजल्यावर जिन्यातला दिवा लागला तेव्हा मैत्रेयी भाजी चिरत होती. ओट्यावरच्या फोनमध्ये इमारतीचं लहानसं चित्र होतं. त्यातला पहिला चौकोन पिवळा झाला.

बंगळुरात, व्हाइटफील्डच्या त्या इमारतीत पूर्वी फक्त पार्किंगचे दिवे आपोआप लागत. या महिन्यात सोसायटीने ती सोय जिन्यात, थेट सहाव्या मजल्यापर्यंत नेली. माणूस चालत आला की दिवा लागायचा आणि घरोघरी फोनवर दिसायचा. सहाव्या मजल्यावर मैत्रेयीच्या समोरच्या घरात राहणारे नागनाथकाका या कामाचे प्रमुख. काम पुरं झालं त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना खाली बोलावलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या, फोनवर बोट फिरवत एकेक मजला उजळून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

दुसरा चौकोन पिवळा झाला. लिफ्ट चालू होती. तरी कोणीतरी जिन्याने येत होतं.

मैत्रेयीने सुरी खाली ठेवली. लिफ्टमध्ये पाय न ठेवणारा एकच माणूस तिला ठाऊक होता. पुण्यात तिचा नवरा अवधूत नऊ मजले चढून यायचा, आणि पावलांवरूनच तिला कळायचं, आज मार आहे की नाही. मोडलेलं मनगट घेऊन ती तिथून निघाली होती. इथला पत्ता तिने आईलाही दिला नव्हता.

सांगितलं होतं ते फक्त काकांना. ते बिदरकडचे, मराठीत मधूनच कानडी शब्द पेरणारे. पहिल्याच भेटीत त्यांनी माहेर कुठलं, सासर कुठलं, सगळं विचारलं. कितीतरी महिन्यांनी कोणी मराठीत विचारत होतं. तिने मनगटाचं सांगितलं, अवधूतचं नाव-गाव सांगितलं, त्याच्या जिन्याचंही सांगितलं. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, संसारात स्वल्प, थोडंफार भांड्याला भांडं लागतंच.

तिसरा. मग जरा थांबून चौथा. धाप लागलेला माणूस थांबतो, तसा.

तिने दाराला कान लावला. पाऊल वाजत नव्हतं. चपला हातात घेतल्या असतील. तिने कडी पाहिली, साखळी पाहिली आणि काकांना फोन लावला.

"काका, तो आलाय. जिन्यात आहे."

"घाबरू नकोस." काकांचा आवाज शांत होता. "पण एकटी बसू नको. ते दार दोन लाथांत मोडेल. माझ्याकडे ये."

"वॉचमनला सांगू का?"

"त्याला मी सांगतो. तू ये, पोरी. दार उघडंच ठेवलंय."

पाचवा चौकोन उजळला.

तिने साखळी काढली आणि अनवाणीच समोरच्या दारात शिरली. काकांनी मागून दार लावलं, किल्ली फिरवली, ती खिशात टाकली. तिला आता कुठे श्वास घेता आला. भिंतीला टेकून ती खाली बसली.

काकांनी हातातल्या फोनवर सावकाश बोट फिरवलं. पाचवा चौकोन विझला, मग चौथा, तिसरा, दुसरा, पहिला.

"या अवधूतराव," ते आतल्या खोलीकडे बघत म्हणाले. "आली ती. आता समोरासमोर बसून मिटवा, सरी? ठीक आहे ना? मी चहा टाकतो."