मास्तरांचा खुलासा

किल्लीवाल्याने आज स्टूल पुढे सरकवलं नाही. मास्तर क्षणभर तसेच उभे राहिले, मग स्वतःच ते ओढून बसले. टपरीत कोऱ्या किल्ल्यांच्या माळा नेहमीसारख्या लोंबत होत्या, पण कानस बाजूला पडली होती आणि अकरा वाजून गेले तरी गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हता.

"तब्येत बरी नाही का रे?"

"तब्येतीला काय धाड भरलीय." किल्लीवाल्याने आपला फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "हे तुम्हीच ना?"

मास्तरांचाच फोटो होता, निवृत्तीच्या दिवशी काढलेला, कोटातला. शेजारी लिहिलं होतं, 'यांनी यावर मत मांडलं आहे.' आणि खाली ठसठशीत अक्षरांत: 'पुलापलीकडच्यांकडून किल्ली बनवून घेऊ नका. ते एक जादा किल्ली करून स्वतःकडे ठेवतात.'

किल्लीवाला पुलापलीकडचाच. साऱ्या गल्लीला ते ठाऊक होतं, आणि वीस वर्षांत त्यावरून कुणाचं काही अडलं नव्हतं.

"अरे, पण मी ते लिहिणाऱ्याला चांगला झापलाय!" मास्तर उसळले. "जरा खाली वाच की. 'हे धादांत खोटे आहे' असं स्वच्छ लिहिलंय. मग एकेका दीडशहाण्याला उत्तर दिलं. साठ उत्तरं! अंगठा सुजला माझा."

दिली होती खरी. मास्तर हे नुसतं बोलायचं नाव. माणसाने उभी हयात टपाल निवडण्यात घालवली. पोस्टमास्तर काही झाला नाही, म्हणून निवृत्तीनंतर गल्लीनेच परस्पर बढती देऊन टाकली. चुकीच्या पत्त्याचं पत्र फेकायचं नाही, शेरा मारून पाठवणाऱ्याकडे परत करायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. फोनवर आलेल्या खोट्यावरही ते असाच शेरा मारत. शेरा मारला की ते आल्या वाटेने परत जातं, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

"खाली कोण वाचतंय, मास्तर?" किल्लीवाला दमलेल्या आवाजात म्हणाला. "बायकोने काल सगळं उलगडून दाखवलं मला. तीन दिवस ते नुसतं पडून होतं. अकरा माणसांनी पाहिलं असेल नसेल. तुम्ही पहिलं उत्तर दिलंत आणि तुमच्या ओळखीच्या झाडून सगळ्यांच्या फोनवर गेलं. दुसरं दिलंत, आणखी वर चढलं. त्या यंत्राला भांडण दिसलं की पुरे. कोण कुणाच्या बाजूने भांडतोय, याच्याशी त्याला काय देणंघेणं? आता चार हजार झालेत. आणि सगळे इथलेच, तुमच्या ओळखीचे."

"म्हणजे मी गप्प बसलो असतो तर..."

"तर मेलं असतं ते."

मास्तरांची मती गुंग झाली. भल्यासाठी केलेली गोष्ट अशी उलटावी कशी, याचा त्यांना काही केल्या उलगडा होईना. "मग खोट्याला खोटं म्हणायचंच नाही की काय?"

"मला विचारू नका. मी किल्ल्या करणारा माणूस."

मास्तरांनी खिशातून आपला फोन काढला. "थांब. आत्ता खडसावून लिहितो, की माझं नाव..."

"लिहू नका!" किल्लीवाल्याने त्यांचं मनगटच धरलं. "हात जोडतो तुम्हाला. परवापासून एक किल्ली झालेली नाही. बायको विचारते, रोज आपल्याकडे चहा पितात तेच ना हे? काय सांगू तिला?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात शेजारच्या गल्लीतली एक बाई हातात दाराची किल्ली घेऊन आली. किल्लीवाला धडपडत उठला. बाईने किल्ली फळीवर ठेवली, पण वरचं बोट काही उचललं नाही.

"तुम्ही कुठले हो?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पुलापलीकडचा."

बाईने किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. वळता वळता तिला स्टुलावरचे मास्तर दिसले. "अगबाई, काका! फोनवरचे तुम्हीच ना? तुमच्यामुळे कळलं बघा. बरं झालं सावध केलंत." आणि ती भराभरा रस्ता ओलांडू लागली.

मास्तर उभे राहिले तेव्हा स्टूल उलटून पडलं. लिहायचं नाही ना? नाही लिहीत. पण तोंड तर आपलं आहे! ते रस्त्याच्या कडेला गेले आणि छातीच्या भात्यात मावेल तेवढा वारा भरून ओरडले, "अहो बाई! खोटं आहे ते! हा माणूस कुणाची जादा किल्ली ठेवत नाही! वीस वर्षांत एकदाही ठेवलेली नाही!"

बाई मागे वळलीसुद्धा नाही. बसथांब्यावरच्या चौघांनी मात्र माना वळवल्या. समोरच्या माडीवरची खिडकी उघडली.

"मास्तर, बसा हो खाली," किल्लीवाला पुटपुटला.

पण एक स्कूटरवाला थांबलाच होता. अनोळखी माणूस, कुठून तरी कुठे तरी चालला असेल. स्कूटर कडेला लावून तो टपरीशी आला, किल्ल्यांच्या माळांवरून त्याने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि विचारलं,

"जादा किल्ली? कोण ठेवतो?"