डाव्या बाहीचा धागा

"पण मी त्या कारखान्यात कधी पाऊलसुद्धा ठेवलं नाही," शालनताई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी स्क्रीन वळवली. मेसोथेलिओमाच्या, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरच्या, गाठीतला ॲस्बेस्टॉसचा प्रत्येक धागा कुठून आला, ते स्कॅनरने पोस्टमनसारखं पत्त्यासकट वाचलं होतं. "ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचा कारखाना, दुसरी पाळी, कामगार चारशे सतरा. शर्टाची डावी बाही."

चारशे सतरा म्हणजे त्यांचे यजमान, वामनराव. ते बाहेर चहावाल्याला चहा करायला शिकवत होते. त्यांचा शर्ट धुण्याआधी शालनताईंनी अठ्ठावीस वर्षं रोज झटकला होता.

"ह्यांना सांगा, गावच्या शाळेच्या पत्र्यांमुळे झालं. शाळेवर ते तसेही चिडून असतात, दोनदा नापास झालेत."

"मशीन खोटं बोलत नाही हो."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

डॉक्टरबाई खोटं बोलल्या. वामनरावांनी शाळेला यथेच्छ शिव्या घातल्या आणि रिपोर्टची फाइल बगलेत मारली.

संध्याकाळी वामनराव मोरीत उकिडवे बसून शर्ट धूत होते, जन्मात पहिल्यांदा. शर्ट गेल्या दिवाळीचा होता. कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली होती. फाइल ओट्यावर उघडी पडली होती.

"ठेवा तो, मी धुते."

"तू लांब उभी राहा," मान वर न करता ते म्हणाले.