उलट्या अक्षरांचा फलक

"कर्नलसाहेब, तो फलक बघू नका. सुताराने घोटाळा केलाय," प्रचारप्रमुख ओशाळून म्हणाला. मिसुरी नदीच्या धक्क्यावर जमलेलं गाव हसत होतं. फलकावरचं एकूणएक अक्षर आरशात दिसावं तसं उलटं होतं.

मतं मागायला आलेले कर्नल वेंट्झ मात्र घडाघडा वाचून गेले, "आत या. चूल पेटलेली आहे."

अमेरिकेच्या यादवी युद्धात उतरण्याच्या कितीतरी आधी, जर्मनीहून आलेले वेंट्झ गुलामगिरीविरुद्ध वर्तमानपत्र छापायचे. मळ्यातून पळून आलेल्या एका गुलामाला याच शब्दांनी त्यांनी छापखान्यात घेतलं होतं. हिवाळाभर तो तिथे लपला आणि छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरून अक्षरं शिकला. खिळ्यांवर अक्षरं उलटीच असतात.

"जोसाया!" गर्दी सारत कर्नल धावले.

रंगाने माखलेल्या हातांचा सुतार पुढे आला. दोघांनी मिठी मारली, तेव्हा कर्नलच्या कोटावर पांढरे पंजे उमटले.

"अरे, अजून सरळ लिहायला शिकला नाहीस?"

"केव्हाच शिकलो, संपादकसाहेब. पण सरळ लिहिलं असतं, तर मी लिहिलंय हे तुम्हाला कसं कळलं असतं?"