हशाची जागा

"छातीत दुखतंय गं माझ्या," स्टँडला जखडलेल्या सायकलवर पॅडल मारता मारता अच्युतकाका म्हणाले. पडद्यावर ते सुसाट निघालेले दिसावेत म्हणून समोरचा पंखा त्यांचे केस उडवत होता.

सायकलवरून पार्सलं पोचवणाऱ्या कंपनीवरची आमची ही विनोदी मालिका. काकांना पदरची वाक्यं घालायची खोड होती. विनोद झाला की आम्ही सगळे गप्प उभे राहायचो, कारण हशा मागाहून एडिटिंगमध्ये टाकायचे. त्याही दिवशी आम्ही शिस्तीत थांबलो. काकांचे पाय थांबले, चाक नुसतंच फिरत राहिलं, तरी कुणी हललं नाही. मग त्यांच्या हातातलं पार्सल सुटलं आणि मी किंचाळले, "अरे, खरंच दुखतंय त्यांना!"

काका वाचले. मालिका मात्र महिन्याभरात बंद पडली.

शेवटचा भाग आम्ही त्यांच्या घरी बसून पाहिला. माझं किंचाळणं कापून एडिटिंगवाल्यांनी तो शॉट चक्क ठेवला होता, आणि त्यावर अख्ख्या मालिकेतला सगळ्यात मोठा हशा टाकला होता.

मी घाईघाईने रिमोट उचलला. काकांनी माझा हात घट्ट धरला.

"थांब," ते म्हणाले, "हशा संपू दे."