अकरा गावांची वंशावळ

"काका, टेबलाला हात नका लावू," कॉम्प्युटर दुरुस्त करणारा चेतन म्हणाला. "डिस्कला धक्का बसला तर खेल खतम."

घराघरांची वंशावळ लिहून ठेवणाऱ्या यशवंत भाटाने हात चटकन मागे घेतले आणि मांड्यांखाली दाबून धरले. उघड्या कॉम्प्युटरमधून टक्‌टक् असा आवाज येत होता. बुधवारा पेठेतल्या त्या अरुंद दुकानात सकाळपासून दुसरा कुठलाच आवाज त्याच्या कानात शिरला नव्हता. तापीकाठच्या अकरा गावांतली साडेतीनशे घरं, त्यांच्या सतरा पिढ्या, सगळी नावं त्या मरायला टेकलेल्या डबीत होती. दुसरीकडे कुठेच नव्हती.

वह्या होत्या की! आजा-पणज्याच्या हातच्या, लाल कापडात बांधलेल्या. वाळवीने त्यांची चाळण केली, म्हणून त्याच्या मुलीने, योगिताने, दोन वर्षं बसून एकेक पान कॉम्प्युटरवर टाइप केलं. काम पुरं झालं तसं यशवंतने वह्यांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि राजघाटावर जाऊन त्या तापीत सोडल्या. जीर्ण पोथी रद्दीत घालायची नसते, वाहत्या पाण्यात सोडायची असते, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. योगिता तेव्हा म्हणाली होती, एक कॉपी पेन ड्राइव्हमध्ये ठेवते. त्यावर तो खेकसला होता. भाटाची वही एकच असते. तिची नक्कल केली की उद्या दोन भाट उभे राहतात आणि एकेका घराला दोन दोन मूळपुरुष. आता कपाळ बडवून काय उपयोग? बैल गेला आणि झोपा केला.

"चेतन, काई बी कर बाप्पा," यशवंत म्हणाला. "लोकं मले इचारतीन, आमचे बापजादे कुठी टाकले, तं मी काय सांगू? तापीतच उडी घ्या लागीन मले."

"आबा, असं नका बोलू," योगिता म्हणाली. तिच्याही पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं.

चेतनने घाम पुसला. "देखो काका, साफ सांगतो. ही डिस्क घंटाभर चालेल की पाच मिनिटं, मला माहीत नाही. सगळ्यात छोटी फाइल आधी काढू. ती जशीच्या तशी आली, तर बाकीच्या पण येतील, मी चालवत राहीन. पण तिच्यात गडबड निघाली, तर लगेच बंद करावं लागेल. नाहीतर आत सगळं खरवडून जाईल. आणि एकदा बंद केली की परत उठेल, याची गॅरंटी नाही. सगळ्यात छोटी कुणाची आहे?"

"आमच्या घरची," योगिता म्हणाली.

पडद्यावरची हिरवी पट्टी सरकू लागली. मध्येच अडकायची, पुन्हा सरकायची. यशवंत देव पाण्यात घालून बसला होता. एवढी भीती त्याला बायकोच्या आजारपणातही वाटली नव्हती. अखेर पट्टी टोकाला पोचली आणि फाइल उघडली.

नावं! यशवंतच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो हवेत बोट नाचवत मोठ्याने वाचत सुटला. मूळपुरुष गोमाजी. गोमाजीचे दोन, राघो आणि सखाराम. राघोचा मानाजी. एक काना नाही, एक मात्रा नाही इकडची तिकडे. वाचता वाचता तो वडिलांपर्यंत आला, गजाननापर्यंत, आणि त्याने बोट खाली घेतलं.

पुढची ओळ चेतनने वाचली. "यशवंत गजानन. निर्वंश." त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "काका, यशवंत म्हणजे तुम्हीच ना? निर्वंश कसं काय? ताई तर इथेच बसली आहे."

मुलगा नसला की नावापुढे हा एकच शब्द लिहायचा, हा वहीचा नियम. बायको कमलाबाई गेली तेव्हा योगिता सहा वर्षांची होती. पोरीला सावत्र आई नको म्हणून यशवंतने दुसरं लग्न केलं नाही. त्याच वर्षी एका सकाळी त्याने वही उघडली आणि स्वतःच्या नावापुढे स्वतःच्याच हाताने तो शब्द लिहिला. नियम घरच्यांनाही चुकला नाही, याचं तेव्हा त्याला समाधान वाटलं होतं. नंतर तो ते पान विसरूनही गेला. ते टाइप कोण करणार आहे, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

"काका, जल्दी बोला," चेतन घाईला आला. "डिस्क तापतेय. हे बरोबर आहे, की फाइल खराब आलीय?"

डिस्क टक्‌टक् करत होती. साडेतीनशे घरं त्याच्या एका होकारासाठी खोळंबली होती. यशवंतने योगिताकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. त्याला मान हलवायची होती, पण ती हलेना.

"नाई," तो म्हणाला. "मले पोरगी हाय."

"म्हणजे फाइल गेली." चेतनने सुस्कारा सोडला आणि बटणाकडे हात नेला.

योगिताने त्याचं मनगट धरलं. "फाइल बरोबर आहे, दादा. आबांनी लिहिलं होतं तसंच मी उतरवलंय. तुम्ही बाकीची गावं काढा."