पहिली भाकरी

कावेरीनं सासूच्या कपाळावर, विभूतीच्या जरा वर, कॅमेऱ्याचा पट्टा बांधला तेव्हा गंगासागरबाईंना वाटलं, सुनेचं डोकं फिरलंय.

"आत्या, एका कंपनीला ह्या व्हिडिओवरनं रोबोटला भाकरी शिकवायची हाय. तुमच्यासारखा हात कुणाचा न्हाई. तुमी रोजच्यासारखं करा फक्त."

त्यांनी रोजच्यासारखं केलं. पहिली भाकरी गायीला काढून ठेवली. कंपनीनं व्हिडिओ नापास केला. काम अर्धवट आहे, भाकरी खाण्यापर्यंत दाखवा.

दुसऱ्या दिवशी भाकरी टम्म फुगली तशी त्यांनी ती नवऱ्याच्या, मन्मथप्पांच्या, ताटात वाढली. तोही व्हिडिओ नापास. दुसरा माणूस नको, करणाऱ्यानंच खायचं.

"मंजी कुणी खायचं म्हणतेत?" तिसऱ्या दिवशी सकाळी गंगासागरबाई पार गोंधळल्या.

"तुमी."

"ह्यांच्या आधी?"

"आधीच. आन् गरम हाय तवर."

गंगासागरबाईंनी दाराकडं बघितलं, मग तव्याकडं. आत मन्मथप्पांची लिंगपूजा अजून चालली होती.

"त्या रोबोटला घरदार न्हाई का गं?"

कावेरीनं कॅमेरा चालू केला. शेवटी त्यांनी भाकरी थापली, भाजली आणि चुलीपुढंच बसून चोरून खाल्ल्यासारखा एक घास तोंडात टाकला. चावता चावता मध्येच थांबल्या.

"का ओ आत्या, करपली का?"

गंगासागरबाई हातातल्या वाफाळत्या भाकरीकडं बघत राहिल्या.

"माझी भाकरी अशी लागती व्हय गं?"